कोरियात फ्राइड चिकनचं पार्सल: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सोल असो, सुवॉन असो की देगू, कोरियात राहायला आलात की घरापासून पाच-दहा मिनिटांवर चिकनचं एखादं छोटं दुकान सापडतंच. आत तीन-चार टेबलं, मागे फ्रायर, काउंटरवर रचून ठेवलेले रिकामे खोके. बसून खाणाऱ्यांपेक्षा पार्सल नेणारे आणि घरपोच मागवणारे जास्त. मेन्यू सगळा कोरियनमध्ये, काउंटरवरची बाई घाईत, मागे कुणीतरी उभं. नवखा माणूस इथे बिचकतो आणि फोटोवर बोट ठेवून जे मिळेल ते घेऊन निघतो. तसं करायची गरज नाही. दहा-बारा शब्द पाठ असले की काम होतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्षात ठेवा. या चिकनचा शत्रू वाफ. कोरियन पद्धतीत कोंबडी सहसा दोनदा तळतात आणि पिठात बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च असतं. पहिल्या तळणीत मांस शिजतं. मग थोडा वेळ बाहेर ठेवतात, तेवढ्यात आतलं पाणी पृष्ठभागाकडे येतं. दुसऱ्या, जास्त कडक तळणीत ते पाणी उडून जातं. म्हणून कवच पातळ आणि काचेसारखं कुरकुरीत होतं. पण आतलं मांस रसरशीतच असतं. गरम चिकन बंद खोक्यात गेलं की तीच ओल वाफ होऊन कवचात परत शिरते. काय मागवायचं, कधी उचलायचं, कसं न्यायचं, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

जवळ काय हवं

- कार्ड किंवा रोख. एका कोंबडीला साखळी दुकानांत साधारण २०,००० वॉन आणि वर लागतात. २५,००० जवळ ठेवा.
- कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप. भिंतीवरच्या मेन्यूसाठी आणि किऑस्कसाठी (ऑर्डर द्यायचं पडद्याचं यंत्र).
- बिअर घेणार असाल तर पासपोर्ट किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्ड. ज्या वर्षात १९ पूर्ण होतात त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून दारू विकत घेता येते. ओळखपत्राचा फोटो दाखवून भागेलच असं नाही.
- सपाट तळाची कापडी पिशवी. का, ते पुढे येईल.

१. आधी शब्द

कोरियनमध्ये कोंबडी म्हणजे ‘दाक’. ‘चिकिन’ हा शब्द तळलेल्या कोंबडीपुरता. त्यामुळे पाटीवर ‘चिकिन’ वाचलंत की आत रस्सा किंवा उकडलेली कोंबडी शोधू नका. पाटीवर ‘होफू’ असेल तर ती मुळात बिअरची जागा, पण पार्सल तिथेही मिळतं.

बाकी शब्द असे:

- पोजांग: पार्सल. मेजांग: इथेच बसून. बेदाल: घरपोच.
- हान मारी: एक कोंबडी. दू मारी: दोन.
- प्प्यो: हाडासकट. सुनसाल: बोनलेस.
- मू: मुळा. चिकनसोबत येणाऱ्या आंबट-गोड फोडी म्हणजे चिकिनमू.
- चुगा: जास्तीचं. त्तारो: वेगळं.

मेन्यूवरचे प्रकार लक्षात ठेवायचे तर ते कधी आले या क्रमाने ठेवा. सगळ्यात जुना थोंगदाक, म्हणजे अख्खी कोंबडी. १९६०च्या सुमारास सोलच्या म्योंगदोंगमध्ये विजेच्या भट्टीत फिरवून भाजलेली कोंबडी मिळू लागली, आणि बाजारांत अख्खी कोंबडी कढईत तळून कागदी पिशवीत द्यायची पद्धत पडली. मग हुराइदू, म्हणजे तुकडे करून पिठात तळलेली. १९७७मध्ये शिनसेगे डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात लिम्स चिकन उघडलं, ते या प्रकारचं देशातलं पहिलं साखळी दुकान. त्यानंतर यांगन्योम, लाल गोड-तिखट सॉसमध्ये घोळवलेली. तिचं श्रेय देगू शहराला दिलं जातं. आणि गानजांग, सोया सॉस आणि लसणाची; हा प्रकार १९९१मध्ये गुमी शहरात सुरू झालेल्या क्योचॉन या साखळीने घराघरांत नेला. चीजची पावडर भुरभुरलेले, मधाचे, कांद्याच्या पातीचे (पादाक) हे सगळे नंतरचे.

२. वेळ निवडा

बरीच दुकानं दुपारी उघडतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालतात. सकाळी अकराला जाऊन दार ठोठावू नका.

संध्याकाळी साडेपाच-सहाला गेलात तर तेल ताजं असतं आणि रांग नसते. शुक्रवारी रात्री सात ते नऊ टाळा. कोरियाच्या फुटबॉल संघाचा मोठा सामना असेल त्या रात्री, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आणि उन्हाळ्यातल्या ‘बोकनाल’च्या तीन दिवशी (त्या दिवशी कोंबडी खायची रीतच आहे) तासभर थांबावं लागू शकतं. अशा रात्री घाईत तळलेलं चिकन खोक्यात पडून राहतं, ते वेगळंच.

३. काय मागवायचं

पहिल्यांदा जाताय तर एकच उत्तर: ‘बानबान’. अर्धी हुराइदू, अर्धी यांगन्योम. जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते, किंमत अख्ख्या यांगन्योमएवढी किंवा थोडी कमी, आणि दुकानाची दोन्ही कामं एकदम कळतात: तळणी कशी आहे आणि सॉस कसा आहे.

यांगन्योमचा रंग बघून तांबड्या रश्श्याची अपेक्षा ठेवू नका. त्यात गोचुजांग (लाल मिरचीची आंबवलेली पेस्ट) असतं, पण त्याच्या बरोबरीने मक्याचा पाक, केचप आणि लसूण. पहिली चव गोड लागते, तिखट मागाहून येतं आणि आपल्याकडच्या जिभेला ते बेताचंच वाटतं. अख्खी कोंबडी यांगन्योमची घेतली की पाचव्या-सहाव्या तुकड्याला गोडाने तोंड मारलं जातं. बानबान सुचवायचं हेही एक कारण. खरंच तिखट हवं असेल तर नावात ‘बुल’ (आग) किंवा ‘मेउन’ (तिखट) असलेला प्रकार बघा. तो मात्र झणझणीत असतो. लहान मुलं सोबत असतील तर गानजांग घ्या.

मग प्रश्न हाडाचा. सुनसालला साधारण हजार-दोन हजार वॉन जास्त पडतात, आणि ते मांस अनेकदा मांडीचं, ब्राझीलहून आलेलं गोठवलेलं असतं. कोरियात मांसाचा उगम लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे भिंतीवर किंवा मेन्यूच्या तळाशी ‘बुराजिलसान’ (ब्राझीलचं) किंवा ‘गुंगनेसान’ (देशी) असं लिहिलेलं सापडेल. खायला सोपं म्हणून सुनसाल वाईट नाही. पण चवीचं विचाराल तर हाडासकटच घ्या. ताजी देशी कोंबडी असते, आणि हाडामुळे मांस कोरडं पडत नाही. फक्त लेगपीस मोजू नका. एका मारीत पाय दोनच. बाकी छाती, मांडी, पंख आणि पाठीचे तुकडे, आपल्याकडच्या मटणवाल्याने करावेत तसे लहान. फक्त पाय आणि पंख हवे असतील तर ‘कोम्बो’ मागा, ते महाग पडतं.

प्रमाणाचा अंदाज: बहुतेक साखळी दुकानं १० नंबरची कोंबडी वापरतात, म्हणजे साफ केल्यावर ९५१ ते १,०५० ग्रॅम. सोबत भात किंवा दुसरं काही असेल तर दोघांना पुरते. कोरियन मुलं ‘इल-इन इल-दाक’, माणशी एक कोंबडी, असं म्हणतात आणि तसं खातातही. तुम्ही पहिल्या दिवशी तो नाद करू नका. ‘दू मारी चिकिन’ अशी पाटी असलेल्या दुकानांत दोन कोंबड्या स्वस्तात मिळतात, पण त्या लहान असतात. दुप्पट माल नाही, दीडपट धरा. अर्धीच कोंबडी (बान मारी) फार थोड्या ठिकाणी मिळते. एकटे असाल तर बाजारातला ‘येन्नाल थोंगदाक’ शोधा: जुन्या पद्धतीची, लहान, पातळ पिठाची अख्खी कोंबडी, साखळी दुकानाच्या साधारण निम्म्या किमतीत. सुवॉनला नोकरीसाठी आला असाल तर पाल्दालमुन वेशीजवळची थोंगदाकची गल्ली हाकेच्या अंतरावर आहे; तिथे लोखंडी गामासोत कढईत तळलेली कोंबडी मिळते.

गोमांस किंवा डुक्कर टाळणाऱ्यांनी एवढं करावं. तेल बहुतेक ठिकाणी वनस्पतीचंच असतं. अडचण येते ती सॉस आणि वरच्या पावडरीत. काउंटरवर विचारून अनेकदा नेमकं उत्तर मिळत नाही, कारण ती पावडर कंपनीकडून तयार येते. मोठ्या साखळ्यांच्या संकेतस्थळावर ॲलर्जीचा तक्ता असतो, त्यात ‘सोगोगी’ (गोमांस) आणि ‘द्वेजीगोगी’ (डुक्कर) ही नावं वेगळी लिहिलेली असतात. दूध, शेंगदाणे, कोळंबी यांचंही तसंच. शंका असेल तर साधं हुराइदू घ्या आणि सॉस सोडा. हलालच हवं असेल तर सोलमध्ये इतेवॉनच्या मशिदीच्या आसपासची दुकानं बघा. गल्लीतलं नेहमीचं दुकान हलाल नसतं. सोबत कुणी शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी फ्राइज किंवा चीज बॉल (चिजुबोल) घेता येतात, पण ते कोंबडीच्याच तेलात तळलेले असू शकतात, हे त्याला आधी सांगा. त्तॉकबोक्की (तिखट सॉसमधले तांदळाच्या पिठाचे तुकडे) शाकाहारी दिसते, पण तिच्यात बहुधा माशाचे तुकडे आणि सुकटीचं पाणी असतं.

४. काउंटरवर

आत शिरल्यावर ‘आन्न्यॉंग हासेयो’. मालकाला हाक मारायची तर ‘साजांगनिम’, नाहीतर नुसतं ‘यॉगियो’. मग एका दमात:

‘बानबान हान मारी, प्प्योरो, पोजांगियो.’

म्हणजे: अर्धी-अर्धी एक कोंबडी, हाडाची, पार्सल. ऑर्डर झाली. बाकीचं गरजेनुसार जोडा:

- ‘सोसू त्तारो जुसेयो’: सॉस वेगळा द्या.
- ‘मू हाना चुगायो’: मुळ्याचा एक डबा जास्त. पहिला सहसा मोफत, पुढचा ५०० ते १,००० वॉन.
- ‘ऑल्माना कॉल्ल्यॉयो?’: किती वेळ लागेल?

सॉस वेगळा घ्यायचा की नाही, हे घरच्या अंतरावर ठरवा. दहा मिनिटांत खाणार असाल तर दुकानातच घोळवून घ्या. गरम कढईत सॉस पातळ होऊन कवचावर चकचकीत थर बसतो, तो घरी बुडवून जमत नाही. अर्धा-पाऊण तास लागणार असेल तर वेगळा.

पैसे देताना दोन प्रश्न येतात आणि नवखे तिथेच अडकतात. एक फोन नंबर विचारणारा, ‘जॉंगनिप’ हा शब्द असलेला: पॉइंट जमा करायचे का. नको असतील तर ‘ग्वेन्चानायो’ म्हणा. दुसरा ‘बोंगथू’चा: पिशवी हवी का. पिशवीचे पैसे वेगळे पडू शकतात.

किऑस्क असेल तर पहिल्याच पडद्यावर मेजांग की पोजांग विचारतात. घाईत मेजांग दाबलं की चिकन ताटात येतं आणि मग खोका मागत बसावं लागतं. अनेक दुकानांत पार्सलवर दोन-तीन हजारांची सूट असते. दाराला ‘पोजांग हारिन’ असं लावलेलं दिसलं तर पैसे देण्याआधी ती लागली का ते बघा.

घरपोच ॲपं, म्हणजे बेमिन, कुपांग ईट्स, योगियो, सोयीची आहेत. पण त्यांना सहसा कोरियन फोन नंबरची पडताळणी लागते, किमान रकमेची अट असते, पोचवायचे पैसे वेगळे, आणि एकच माणूस दोन-तीन घरं करत आला तर तुमचं चिकन तेवढा वेळ वाफेत. नोंदणी कार्ड हातात येईपर्यंत पायी जाऊन पार्सल घेणंच बरं, आणि आल्यानंतरही चवीसाठी तेच बरं.

५. थांबा आणि नीट न्या

ऑर्डरनंतर तळायला घेणारं दुकान पंधरा ते वीस मिनिटं लावतं. दोन मिनिटांत खोका हातात आला तर ते आधी तळून ठेवलेलं आहे. वीस मिनिटं सांगितली तर अठराव्या मिनिटाला परत या. पंचवीस मिनिटांनी आलात तर तेवढा वेळ तुमचं चिकन खोक्यात घामेजत असतं.

खोक्याच्या बाजूला गोल भोकं असतात, ती वाफ जाण्यासाठी. पिशवीचं तोंड गाठ मारून बांधू नका, खोका आडवा करू नका. सपाट तळाची पिशवी यासाठीच: बानबानचा खोका कलला की सॉस ओघळून हुराइदूच्या बाजूला जातो आणि ती अर्धी कोंबडी वाया जाते. झाकण बोटभर उघडं ठेवून चाललात तर उत्तम.

सोलच्या बसमध्ये २०१८पासून सांडणारं खाणं-पिणं घेऊन चढू देत नाहीत. उघडा कॉफीचा कप हातात असेल तर चालक चढताना अडवू शकतो, पण खोक्यात बंद असलेलं चिकन घरी नेण्यासाठी चालतं. बसमध्ये उघडून खाऊ नका.

हान नदीच्या काठी खायचं असेल तर येउइदो किंवा त्तुकसॉमच्या बागेजवळच्या दुकानातून घ्या. तिथे घरपोच मागवलंत तर चिकन चटईपर्यंत येत नाही, ‘बेदालजोन’ नावाच्या ठरलेल्या जागी जाऊन घ्यावं लागतं.

६. उघडणं आणि खाणं

आधी खोक्याचं झाकण पूर्ण उघडा. मग मुळ्याचा डबा घ्या, आणि तो बेसिनवरच. वर प्लास्टिकची फिल्म ताणून चिकटवलेली असते आणि डबा काठोकाठ व्हिनेगरच्या पाण्याने भरलेला असतो. फिल्म एकदम ओढली की ते पाणी थेट शर्टावर उडतं. एक कोपरा बोटभर उचला, डबा कलता करून पाणी ओतून द्या, मग फिल्म सावकाश काढा. फोडी पांढऱ्या, खेळातल्या फाशाएवढ्या, कचकन तुटणाऱ्या. त्या लोणच्यासारख्या कडेला ठेवायच्या नसतात. दर दोन तुकड्यांमागे एक खाल्ली की तेलकटपणा धुऊन निघतो आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो.

क्रम: हुराइदू आधी, यांगन्योम नंतर. साधं कवच दर मिनिटाला मऊ पडतं. सॉसचं चिकन थोडं निवल्यावर उलट जास्त चिकट आणि चवदार होतं.

हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं तर कच्चं समजून टाकू नका. इथल्या कोंबड्या साधारण महिनाभराच्या असतात. कोवळ्या हाडातला रंग मांसात उतरतो. मांस घट्ट असेल, हाडापासून सुटत असेल आणि निघणारा रस स्वच्छ असेल तर ते शिजलेलं आहे. मांस पारदर्शक, रबरासारखं लागलं तर मात्र दुकानात परत न्या.

हाताने खाणं इथे चालतं. अनेक दुकानं प्लास्टिकचे हातमोजे देतात. कोरियन सहकाऱ्यांसोबत असाल तर दोनपैकी एक पाय वयाने मोठ्या माणसापुढे सरकवा, आणि दुसरा स्वतः लगेच उचलू नका. चिकन आणि बिअर (मेकजू) यांची जोडी म्हणजे ‘चिमेक’. देगूत २०१३पासून तिचा उत्सव भरतो. बिअर दुकानातूनच घ्यायला हवी असं नाही, कोपऱ्यावरच्या सोयीच्या दुकानात (कन्व्हीनियन्स स्टोअर) चार कॅन एकत्र स्वस्त पडतात.

७. उरलं तर, आणि कचरा

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, पण पूर्ण निवल्यावर, नाहीतर डब्यात पुन्हा वाफ धरते. गरम करायला मायक्रोवेव्ह नको. एअर फ्रायरमध्ये हुराइदू १८० अंशांवर पाच ते सात मिनिटं. यांगन्योम १६० वरच, कारण साखर लगेच करपते. खाली बेकिंगचा कागद घाला. एअर फ्रायर नसेल तर जाड तव्यावर तेल न घालता मंद आचेवर, झाकण न ठेवता. अगदी थोडं उरलं असेल तर मांस सोडवून गरम भातावर घ्या, वर अंडं, थोडा सोया सॉस आणि मेयोनीज. कोरियात याला ‘चिकिन-मायो’ म्हणतात.

कचऱ्याची चूक नवखे सर्रास करतात. हाडं ओल्या कचऱ्यात टाकायची नाहीत. इथे ओला कचरा जनावरांच्या खाद्यासाठी आणि खतासाठी जातो, म्हणून हाडं सामान्य कचरा धरतात: जिल्ह्याच्या ‘जोंगन्यांगजे बोंगथू’ पिशवीत, जी सोयीच्या दुकानात विकत मिळते. एका जिल्ह्याची पिशवी दुसऱ्या जिल्ह्यात सहसा चालत नाही. तेलाने भिजलेला कागद त्याच पिशवीत. खोक्याचा कोरडा, स्वच्छ भाग फाडून कागदात, मुळ्याचा डबा धुऊन प्लास्टिकमध्ये. उन्हाळ्यात हाडं आधी छोट्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि कचरा बाहेर काढायच्या संध्याकाळी मोठ्या पिशवीत टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी खोलीभर वास सुटतो.